शीतपेयांचं मार्केटिंग आणि स्त्री-पुरुषांच्या आवडीनिवडीची आकडेवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वेक्षणाचा तक्ता हातात आला की ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’ हे दोन रकाने सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात, आणि प्रश्नही तिथूनच सुरू होतात. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिंगनिहाय पसंतीची आकडेवारी म्हणजे नेमकं काय?

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपून जातात. लोकांनी विचारल्यावर काय सांगितलं, पेला हातात दिल्यावर काय आवडलं, आणि प्रत्यक्षात पैसे मोजून काय घेतलं. पहिलीत माणसाची स्वतःबद्दलची प्रतिमा मिसळलेली असते. दुसरीत फक्त जीभ बोलते. तिसरीत भाव, उपलब्धता, सवय आणि घरातल्या इतरांच्या फर्माइशी सगळंच येतं. अहवालात ‘स्त्रियांची पसंती’ एवढंच लिहिलं असेल तर ती या तिघांपैकी कोणती, हे आधी विचारून घ्या. एकीचा आकडा दुसरीच्या जागी वापरल्यामुळे झालेल्या चुका मी सर्वांत जास्त पाहिल्या आहेत.

२. स्त्रिया आणि पुरुषांच्या आवडी खरंच वेगळ्या असतात का?

सरासरीत काही ठिकाणी असतात. अनेक बाजारांत कमी कॅलरीच्या पेयांकडे स्त्रियांचा कल थोडा जास्त दिसतो आणि एनर्जी ड्रिंककडे तरुण पुरुषांचा. पण सरासरी वेगळी म्हणजे माणसं वेगळी, असं होत नाही.

संख्याशास्त्रात दोन सरासरींमधलं अंतर प्रमाण विचलनाच्या, म्हणजे गटातली माणसं सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत त्या मापाच्या, पटीत मोजतात. ०.२ पट अंतर लहान समजलं जातं, ०.५ मध्यम, ०.८ मोठं. आवडीच्या गुणांत स्त्रियांची सरासरी ०.२ पटीने वर असेल तर दोन्ही गटांचे आलेख सुमारे ९२ टक्के एकमेकांवर पडतात. कोणतीही एक स्त्री आणि कोणताही एक पुरुष उचलला, तर स्त्रीचे गुण जास्त असण्याची शक्यता असते साधारण ५६ टक्के. नाणं उडवून मिळणाऱ्या ५० पेक्षा जेमतेम वर. एवढ्या फरकावर ‘हे बायकांचं पेय’ असा शिक्का मारायचा, तर शिक्का चुकीच्या डब्यावर बसण्याचीच शक्यता फार.

३. डाएट पेयं बायकांची, ही समजूत आली कुठून?

बऱ्याच अंशी मार्केटिंगनेच ती घडवली. कोका-कोला कंपनीचं ‘टॅब’ १९६३ साली आलं आणि त्याच्या जाहिराती वजनाची काळजी करणाऱ्या स्त्रियांशी बोलत. १९८२मध्ये ‘डाएट कोक’ आलं. नव्वदच्या दशकातल्या त्याच्या एका गाजलेल्या जाहिरातीत ऑफिसातल्या बायका ठरल्या वेळी खिडकीशी जमून बाहेर काम करणाऱ्या पुरुषाकडे बघत. अशी वर्षानुवर्षं गेल्यावर ‘डाएट’ या शब्दालाच लिंग चिकटलं.

पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. कमी कॅलरी पुरुषांनाही हव्या होत्या. अडचण होती ती हातात ‘डाएट’ लिहिलेला कॅन धरण्याची. १९९३मध्ये ‘पेप्सी मॅक्स’ आणि २००५मध्ये ‘कोक झिरो’ आलं ते याच फटीतून. साखर नाही, ‘डाएट’ शब्द नाही, चव मूळ कोलाच्या जवळ, आणि कोक झिरोचा कॅन पुढे काळा झाला. आकडेवारीच्या भाषेत सांगायचं तर ‘पुरुषांना डाएट पेय आवडत नाही’ हे निरीक्षण खरं होतं आणि त्यावरून काढता येणारा ‘पुरुषांना साखर हवीच असते’ हा निष्कर्ष खोटा. निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्या मधली जागा ज्यांनी तपासली त्यांना नवं उत्पादन सापडलं. २०१७मध्ये कंपनीने कोक झिरोची जागा ‘कोका-कोला झिरो शुगर’ला दिली आणि पेयात काय नाही ते थेट नावातच सांगितलं. असं नाव स्त्री-पुरुष कोणालाही अडवत नाही.

४. ‘हे फक्त पुरुषांसाठी’ असं उघड सांगून कोणी विकलं आहे का?

हो. २०११मध्ये अमेरिकेत ‘डॉ. पेपर टेन’ हे १० कॅलरींचं पेय ‘हे स्त्रियांसाठी नाही’ अशा घोषवाक्यासह आलं. त्यामागची पाहणी प्रश्न ३मधलीच होती : पुरुष ‘डाएट’ शब्दाला बिचकतात. पण बिचकणं दूर करायला दुसऱ्या कोणाला बाहेर काढण्याची गरज नव्हती. त्या घोषवाक्यावर भरपूर टीका झाली. त्याच वर्षी ‘डाएट पेप्सी’चा उंच, सडपातळ कॅन न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात सुंदर, आत्मविश्वासू स्त्रियांच्या नावाने सादर झाला. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. सडपातळपणा म्हणजेच सौंदर्य, असं तो कॅन सुचवत होता.

दोन्हीकडे सुरुवात लिंगनिहाय आकड्यांपासून झाली असणार. चूक झाली ती आकड्यांचं रूपांतर दुसऱ्या कोणाला हिणवणाऱ्या किंवा टोचणाऱ्या संदेशात करताना.

५. किती लोकांना विचारलं की स्त्री-पुरुष तुलना विश्वासार्ह होते?

समजा, १०० स्त्रिया आणि १०० पुरुषांना विचारलं. लिंबाची चव ५८ स्त्रियांनी निवडली आणि ५० पुरुषांनी. आठ टक्क्यांचा फरक बघून बैठकीत माना डोलतात. पण या फरकाची ९५ टक्के खात्रीची मर्यादा अधिक-उणे सुमारे १४ टक्के निघते. म्हणजे खरा फरक शून्य असण्याची, अगदी उलटा असण्याचीही शक्यता शिल्लक राहते. हेच टक्के प्रत्येकी १,००० जणांकडून आले असते तर मर्यादा सुमारे ४.४ टक्क्यांवर आली असती आणि फरक टिकला असता.

लोक इथे एक गोष्ट विसरतात. एका गटाच्या आकड्याची चूक-मर्यादा वेगळी आणि दोन गटांमधल्या फरकाची वेगळी, दुसरी नेहमी मोठी. ‘आमचं सर्वेक्षण ४०० जणांचं, चूक-मर्यादा ५ टक्के’ असं सांगितलं जातं ते सगळ्यांच्या एकत्रित आकड्याला लागू असतं. त्यातून २०० स्त्रिया, त्यातल्या पंचवीस वर्षांखालच्या साठ, त्यातल्या शहरी पंचेचाळीस अशा फोडी करत गेलात की हाती फारसं काही राहत नाही. मी तक्ता वाचताना टक्के झाकते आणि आधी प्रत्येक रकान्याच्या तळाची संख्या बघते.

६. वीस प्रश्नांपैकी एकात ठळक फरक सापडला. तो वापरू का?

लगेच नको. ९५ टक्के खात्रीची कसोटी म्हणजे फरक मुळात नसतानाही वीसांतून एकदा तो ‘सापडणार’. वीस स्वतंत्र प्रश्न तपासले आणि कुठेच खरा फरक नसला, तरी किमान एक खोटा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. नवी माहिती गोळा करून तेवढाच एक प्रश्न पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही टिकला तर पुढे जा.

७. फरक मोठा आहे, नमुनाही मोठा आहे. तरी तो लिंगामुळे नाही, असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि नेहमी होतं. हिशेब करून बघू. समजा, साखरविरहित पेय तरुणांपैकी ६० टक्क्यांना आवडतं आणि वयस्करांपैकी ३० टक्क्यांना. स्त्री असो वा पुरुष, प्रमाण तेच. आता तुमच्या नमुन्यात आल्या ८० तरुण स्त्रिया आणि २० वयस्कर, तर पुरुषांत ३० तरुण आणि ७० वयस्कर. स्त्रियांची पसंती निघेल ५४ टक्के आणि पुरुषांची ३९. तब्बल १५ टक्क्यांचा फरक, आणि त्यात लिंगाचा वाटा शून्य!

म्हणून तुलना नेहमी समान वयोगटात, समान उत्पन्नगटात, आणि शक्य असेल तर समान प्रसंगात करावी. नमुना वाकडा असेल तर खऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात भारांक लावावेत, म्हणजे कमी आलेल्या गटाची उत्तरं जास्त वजनाने मोजावीत. माझ्या अनुभवात शीतपेयांच्या बाबतीत ‘प्रसंग’ हा रकाना लिंगापेक्षा जास्त बोलतो : जेवणासोबत, व्यायामानंतर, प्रवासात, पाहुणे आल्यावर, दुपारी झोप उडवायला. एकच माणूस या पाच प्रसंगी पाच वेगळी पेयं घेतो, आणि तेव्हा त्याचं लिंग बदललेलं नसतं.

८. दुकानांच्या सदस्य-कार्डांवरची खरेदीची माहिती तर पक्की असते ना?

काय विकलं गेलं याबाबत पक्की, कोण प्यायलं याबाबत कच्ची. कार्ड घरातल्या एकाच्या नावावर असतं. आठवड्याचा किराणा जी व्यक्ती भरते तिच्या खात्यावर मुलांचं संत्र्याचं पेय, जोडीदाराचा कोला आणि पाहुण्यांसाठीचा सोडा, सगळं जमा होतं. यातून ‘स्त्रिया दोन लिटरची बाटली पसंत करतात’ असा निष्कर्ष निघतो तेव्हा खरं तर घर दोन लिटरची बाटली पसंत करत असतं.

निवडणारा, विकत घेणारा आणि पिणारा या तीन भूमिका वेगळ्या धरा. मोठ्या बाटलीचं मार्केटिंग विकत घेणाऱ्याशी बोलतं, तर थंड करून ठेवलेल्या सुट्या कॅनचं पिणाऱ्याशी. एकट्यासाठी घेतलेल्या लहान पॅकची विक्री वेगळी काढून पाहिली, तर लिंगनिहाय चित्र जास्त खरं दिसतं.

९. सर्वेक्षणात लोक खरं सांगतात का?

मुद्दाम खोटं क्वचितच सांगतात. पण आपण जसे असावं असं वाटतं, तसं सांगतात. समोर प्रश्नकर्ता असेल तर हे वाढतं. ‘तुम्ही साधारणपणे काय पिता?’ या प्रश्नाला आदर्श उत्तर मिळतं. ‘शेवटचं शीतपेय कधी घेतलंत, कोणतं, तेव्हा सोबत कोण होतं?’ असं विचारलं की आठवण बोलू लागते. गोड, रंगीत पेय आवडतं हे पुरुष चारचौघांत सांगायला कचरतात आणि साखरेचा मोठा कॅन एकटीने संपवला हे स्त्रिया. दोन्ही संकोच आकड्यांत शिरले की तक्त्यात स्त्री-पुरुषांमधलं अंतर खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. माणूस एकटा असताना स्वतः भरेल अशी प्रश्नावली घेऊन तोच प्रश्न तपासा.

१०. चव-चाचणीत स्त्री-पुरुषांचा फरक कसा पकडायचा?

दोनदा घ्या : एकदा नाव झाकून, एकदा डबा दाखवून. नाव झाकल्यावर दोन्ही गटांचे गुण सारखे आले आणि डबा दाखवल्यावर दुरावले, तर फरक जिभेचा नाही, डब्याचा आहे, आणि मग पाककृतीला हात लावायचं कारण उरत नाही. नाव झाकूनही फरक राहिला तर चवीचा विचार करा. त्यातही गोडी, आंबटपणा, बुडबुड्यांची तीव्रता आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा यांचे गुण वेगवेगळे घ्या. काही कडू चवी अधिक तीव्रतेने जाणवणारी माणसं स्त्रियांमध्ये सरासरीने थोडी जास्त आढळतात, आणि काही गोडवा देणाऱ्या पदार्थांची मागची चव कडवट असते. त्यामुळे हा गुण वेगळा घेण्यात अर्थ आहे.

घोट किती द्यायचा, हाही प्रश्नच. १९७५मध्ये सुरू झालेल्या ‘पेप्सी चॅलेंज’मध्ये नाव झाकून दिलेल्या घोटांत पेप्सी पुढे राहत असे. कोका-कोलाने जवळपास दोन लाख चव-चाचण्या करून एप्रिल १९८५मध्ये जास्त गोड, नवी चव आणली आणि लोकांच्या संतापामुळे ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. एका घोटात गोड जिंकतं. अख्खा कॅन आणि वर्षांची आठवण ही वेगळी परीक्षा असते. लिंगनिहाय चाचणीलाही हे लागू आहे. लोकांना कॅन घरी द्या, आठवडाभर पिऊ द्या, मग विचारा.

११. प्रश्नावलीत लिंग कसं आणि कुठे विचारावं?

स्त्री, पुरुष, इतर आणि ‘सांगू इच्छित नाही’ एवढे पर्याय तरी हवेत. प्रश्न शेवटी ठेवा. सुरुवातीलाच विचारलं की पुढची उत्तरं माणूस ‘स्त्री म्हणून’ किंवा ‘पुरुष म्हणून’ देऊ लागतो. ‘इतर’ पर्यायातली उत्तरं संख्येने थोडी असतील तर त्यांचे टक्के छापू नका, पण ती टाकूनही देऊ नका. एकूण आकड्यांत ती मोजायची, आणि मोकळ्या उत्तरांत ही मंडळी काय लिहितात ते नीट वाचायचं. डब्यावरच्या लिंगाधारित खुणा खटकल्याचं बरेचदा तेच आधी सांगतात.

१२. नावावरून किंवा ॲपवरच्या वागण्यावरून लिंगाचा अंदाज केला तर चालेल?

टाळा. दोन्ही लिंगांना चालणारी नावं असतात, कुटुंबात फोन एकमेकांचे वापरले जातात, आणि अंदाजाची चूक सगळ्या गटांत सारखी वाटली जात नाही. शिवाय ‘ज्यांनी मेकअपचे व्हिडिओ पाहिले त्या स्त्रिया’ असं धरून पुढे ‘स्त्रियांना मेकअपच्या व्हिडिओंमधली जाहिरात भावते’ असं सिद्ध करणं म्हणजे गृहीतकच निष्कर्ष म्हणून परत घेणं.

१३. आमची जाहिरात स्त्रियांनाच दाखवली जाते आणि खरेदीही त्याच करतात. मग डेटा बरोबरच आहे ना?

इथे चक्र तयार झालं आहे. स्त्रियांना दाखवलं म्हणून स्त्रियांनी घेतलं; त्यांनी घेतलं म्हणून जाहिरात-प्रणालीने त्यांनाच अजून दाखवलं. सहा महिन्यांनी पेय ‘स्त्रियांचं’ ठरतं आणि पुरुषांना ते कधी दिसलेलंच नसतं. प्रेक्षकांचा एक भाग, समजा दहावा हिस्सा, लिंगाचा निकष न लावता यादृच्छिक निवडा आणि त्याचे निकाल कायम वेगळे नोंदवा. दोन्ही बाजूंचा खरा प्रतिसाद तिथेच कळतो. बऱ्याच संघांना हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. मी मात्र सगळं अंदाजपत्रक कापलं तरी एवढा भाग ठेवीन.

१४. फरक खरा निघाला. वय, प्रसंग, खरेदीदार सगळं तपासलं. आता वापरायचा कसा?

आधी त्याच्या पोटातलं कारण शोधा. समजा, स्त्रियांना २५० मिलीचा लहान कॅन जास्त पटतो असं दिसलं. विचारल्यावर कळतं : पूर्ण कॅन संपत नाही, उरलेला उघडा ठेवता येत नाही, पिशवीत मोठा मावत नाही. ही तिन्ही कारणं कितीतरी पुरुषांनाही लागू आहेत. मग लहान कॅन काढा, कारण सांगून विका, आणि तो कोणासाठी आहे ते लिहू नका. ज्याला कारण पटेल तो उचलेल. लिंगाच्या आकड्याने दार दाखवलं एवढं खरं, पण आत सगळ्यांना येऊ द्यायचं.

जाहिरात कोणत्या वेळी, कोणत्या माध्यमात द्यायची, तिच्यात कोणते प्रसंग दाखवायचे, नमुन्याचे कॅन कुठे वाटायचे, हे ठरवायला लिंगनिहाय आकडे चांगले उपयोगी पडतात. असे निर्णय चुकले तर पुढच्या महिन्यात बदलता येतात. पाककृती, नाव आणि ब्रँडची ओळख यांवर ते वापरायचे तर पुरावा कितीतरी भक्कम हवा.

१५. गुलाबी कॅन काढला तर?

रंगाच्या चाचणीत गुलाबी जिंकला आणि तो आतल्या चवीशी जुळत असेल तर काढा. फक्त ‘बायकांसाठी’ एवढंच सांगायला काढत असाल तर त्यातून ग्राहकाला काहीच नवं कळत नाही. बाकी प्रश्न १४ पाहा.

१६. स्त्रियांच्या आवृत्तीचा भाव वेगळा ठेवता येईल का?

नको. तेच पेय वेगळ्या डब्यात महाग विकणं अन्यायाचं आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३पासून, जवळपास सारख्याच वस्तूंना केवळ लिंगाच्या आधारावर वेगळे दर लावायला कायद्यानेच बंदी आहे.

१७. स्त्रियांना वजनाची काळजी जास्त, असं आमची पाहणी सांगते. त्यावर मोहीम बेतू का?

या प्रश्नावर मी ठाम आहे : बेतू नका. काळजी खरी आहे, पण ती निर्माण करण्यात अशाच मोहिमांचा हात आहे, आणि ती वाढवून विक्री करणं म्हणजे कोणाच्या तरी आजारपणात भर घालणं. शिवाय दावाही डळमळीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी गोडवा देणारे पदार्थ वापरू नयेत असा सल्ला दिला.

साखरेबद्दल साधी माहिती देणं मात्र सगळ्यांच्याच कामाचं. ३३० मिली साध्या कोलामध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि त्याच संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे २,००० कॅलरींच्या आहारात बाहेरून घातलेल्या व तत्सम साखरेची दिवसाची मर्यादा साधारण ५० ग्रॅम येते. हे आकडे ठळक छापा. ते वाचणारा कोण आहे, याने त्यांचा अर्थ बदलत नाही.

१८. जाहिरातीतल्या लिंगभेदाबद्दल नियम आहेत का?

ब्रिटनमध्ये जून २०१९पासून, घातक ठरू शकतील अशा लिंगाधारित साचेबद्ध प्रतिमा जाहिरातीत वापरायला मनाई आहे आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्या दोन जाहिराती थांबवल्याही गेल्या. भारतात जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेने २०२२मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं आणली. माहिती गोळा करण्याबाबत युरोपीय संघाचा २०१८पासून लागू असलेला नियम वैयक्तिक माहितीला कायदेशीर आधार आणि स्पष्ट हेतू मागतो. लिंगाची नोंदही वैयक्तिक माहितीच आहे. ज्या कामासाठी विचारलं त्यापलीकडे ती वापरू नये.

१९. आमचं जुनं पेय ‘बायकांचं’ म्हणून चिकटलंय. ओळख बदलावी का?

आधी बघा, सध्याच्या ग्राहकांना त्यात काय आवडतं. ओळख पुसायला जाऊन त्याच दुरावल्या तर नवे येईपर्यंत दोन्ही हातून जातात. डाएट कोक बंद न करता शेजारी झिरो ठेवण्यामागे हा विचार दिसतो (प्रश्न ३). लहान कंपनीला दोन पेयं परवडत नसतील तर ओळखीच्या खुणा एकेक करून बदला : आधी जाहिरातीतले प्रसंग, मग डब्यावरचे शब्द, सगळ्यात शेवटी रंग. प्रत्येक पायरीनंतर जुन्या ग्राहकांची पुनर्खरेदी मोजा आणि ती घसरली तर तिथेच थांबा.

२०. आमच्या आकड्यांत स्त्री-पुरुषांत काहीच फरक निघाला नाही. अहवालात काय लिहू?

‘फरक आढळला नाही’ असंच लिहा, आणि नमुना किती होता, किती मोठा फरक त्यातून पकडता आला असता, हेही शेजारी लिहा. प्रत्येकी ४० जणांत फरक न दिसणं आणि प्रत्येकी १,००० जणांत न दिसणं यांचं वजन वेगळं आहे. दुसऱ्या बाबतीत तुमच्या हाती मोठी बातमी आहे : एकच डबा, एकच संदेश, आणि दोन मोहिमांचा खर्च वाचला. तो प्रसंगानुसार आवडी मोजण्यावर खर्च करा. प्रश्नावलीत शेवटच्या पेयाचा प्रसंग विचारला नसेल, तर पुढच्या फेरीत पहिला प्रश्न तोच घाला.